सातव्या घासानंतर काय करायचं असतं?

हिशेबनीस_४४:

वजन उतरवण्यासाठी जठर लहान करतात ते स्लीव्हचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. १३१ किलोवरून ९४ वर आलोय. सर्जन खूश, साखरेचे रिपोर्ट खूश, गुडघे तर इतके खूश की जिन्यावर हल्ली तोंडच उघडत नाहीत. त्यामुळे तक्रार करायला मला जागा नाही, हे आधीच कबूल करतो. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. डॉक्टरांपुढे काढावा इतका तो मोठा नाही, आणि घरी काढला की वातावरण बिघडतं. म्हणून इथे.

माझं पोट सातव्या घासाला भरतं. सात म्हणजे अंदाजे नाही, बरोबर सात. हिशेबखात्यात आयुष्य गेलं, मोजायची खोड आहे. लहान मुलाचा चमचा, एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, मध्ये चमचा खाली ठेवायचा. पाचव्या घासाला छातीच्या मधोमध काहीतरी आवळल्यासारखं होतं, सहाव्याला नाक गळायला लागतं आणि सातव्याला शिंका येतात. ओळीने तीन. पहिले दोन महिने मला वाटत होतं की सर्दी हटत नाहीये. मग डाएटिशियनने हसत सांगितलं की पोट भरल्याची खूण कुणाला उचकीने कळते, कुणाला नाक गळून, तुम्हाला शिंकेने कळतेय. धाकटी म्हणते, "बाबांची घंटा वाजली."

घंटा वाजली की जेवण संपलं. घड्याळात अठरा मिनिटं झालेली असतात. आणि बाकीच्यांचं अजून निम्मंही झालेलं नसतं.

आता मी तिथे काय करू? पाणी प्यावं तर जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. उठावं तर बायको वर बघते आणि म्हणते, "झालं पण?" बसून राहावं तर हात कुठे ठेवायचे कळत नाही. खरंच सांगतो, चव्वेचाळिसाव्या वर्षी मला हातांचं काय करायचं ते कळत नाहीये. आणि मी बसलो की बाकीचे भराभर आवरायला लागतात, जणू मी पाहुणा आहे आणि माझी गाडी चुकणार आहे.

माझी घरातली जागाच ती होती हो. पातेल्याच्या तळाशी राहिलेलं संपवणारा माणूस. "एवढंसंच उरलंय, भांडं मोकळं कर" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, आधी आईकडून, मग बायकोकडून. बायकोच्या हाताला एकोणीस वर्षांचा अंदाज बसलाय, तो सात महिन्यांत कसा बदलणार? ती तेवढंच करते, ते उरतं, मग फ्रीजमध्ये डब्यांवर डबे. ती काही बोलत नाही. डब्यांची झाकणं मात्र जरा जोरात लावते.

भुकेचं म्हणाल तर ती जवळजवळ नाहीच. जठराचा पाऊण भाग काढला, त्यात वरचा फुगीर भाग गेला, आणि भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं, हे ऑपरेशनआधी चित्र काढून समजावलं होतं. उरलंय ते केळ्याच्या आकाराचं. हे सगळं मान्य. पण रात्री अकराला मी फ्रीज उघडून उभा असतो त्याचं काय? पोट गप्प असतं. मी नुसता दिव्याच्या उजेडात उभा. डोळ्यांची भूक म्हणतात ती हीच असावी, ती कापून काढायची सोय नाही.

ऑफिसचं वेगळंच. तिथे मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. का सांगितलं? लाज वाटली. आता ते हर्निया सांभाळता सांभाळता दम निघतोय. मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत गप्पांच्या नादात ब्रेडचा तुकडा नीट न चावता गिळला. तिसराच घास. तो अडकला. ज्यांना हे झालंय त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही. तोंडात लाळ भरत जाते, फेसासारखी, गिळता येत नाही, छातीत कुणी गोटी दाबून धरलीय असं वाटतं. मी धावत बाथरूममध्ये, वीस मिनिटं बेसिनपाशी. बाहेर आलो तर तिघं दाराशी उभे, एकाच्या हातात पाण्याचा ग्लास. "हार्टचं काही आहे का?" मी म्हटलं, ॲसिडिटी. म्हणजे आता हर्निया अधिक ॲसिडिटी.

बाकी किरकोळ: केस उशीवर राहतात. सगळ्यांना पंखा हवा असतो तेव्हा मला थंडी वाजते. लाकडी खुर्चीत माकडहाड टोचतं, पूर्वी तिथे गादी होती. दारातून अजूनही अंग तिरकं करून जातो आणि कुठेही गेलो की आधी हात नसलेली दणकट खुर्ची शोधतो. दुकानाच्या काचेत माणूस दिसतो, तो मी आहे हे एक क्षण उशिरा कळतं. गोळ्यांचं म्हणाल तर सहा महिन्यांचे रिपोर्ट छान आले म्हणून गेला महिना जरा ढिलाई झालीय.

विचारायचं एवढंच, की तुमच्यापैकी जे यातून गेलेत ते जेवणाच्या टेबलावर कसे बसतात? आणि ऑफिसात काय सांगतात?


वाटीभर:

अहो हिशेबनीस, बाकीचं नंतर, आधी गोळ्या. रिपोर्ट छान आले ते गोळ्या घेत होतात म्हणून आले! हिशेबाच्या माणसाने असं करावं?

मी बायपासवाली, म्हणजे हृदयाचा नव्हे, वजनासाठी जठराचा करतात तो, सहा वर्षं झाली. तुमच्यासारखीच शहाणी होते. बी-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, त्यामुळे गोळी बंद केली तरी लगेच काही होत नाही आणि आपल्याला वाटतं, बघा, गरजच नव्हती. माझं आधी लोह घसरलं. तिसऱ्या वर्षी मला बर्फ खावासा वाटायला लागला. मजा नाही, रोज दोन ट्रे बर्फ कडाकड चावून खायचे. मला वाटलं उन्हाळा आहे. मुलीने दम दिला म्हणून तपासलं तर लोहाचा साठा तळाला गेलेला. बर्फ चघळायची ओढ हे लोह कमी असल्याचं लक्षण असतं हे तेव्हा कळलं. शेवटी शिरेतून लोह द्यावं लागलं. तेव्हापासून दोन खणांची डबी आहे: सकाळी लोह, कॅल्शियम दुपारी आणि रात्री. दोन्ही एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये निदान दोन तास जाऊ द्यायचे. कॅल्शियम सायट्रेटच, कारण त्याला पचायला आम्ल फारसं लागत नाही आणि आपल्या पोटात ते आता कमी. एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही, म्हणून विभागून. हे सगळं जन्मभर आहे. दरवर्षी रक्त तपासणीही जन्मभर.

झालं माझं रागावून. आता टेबल.

मला याचं उत्तर सापडायला दीड वर्ष लागलं आणि ते इतकं सोपं आहे की सांगायला लाज वाटते. उशिरा सुरुवात करायची. सगळे बसले की मी वाढते, इकडचं तिकडे देते, कुणाला काय हवं विचारते, आणि दहा मिनिटांनी स्वतःचं ताट घेते. माझं आणि त्यांचं बरोबर संपतं. कुणाच्या लक्षातही येत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं, अर्ध्या तासाच्या वर जेवण लांबवायचं नाही. नाहीतर एक घास आत्ता, एक मग, असं करत दिवसभर तोंड चालू राहतं.

आणि ते चालू राहतं हे मी अनुभवाने सांगते. चौथ्या वर्षी माझे ९ किलो परत आले. कशाने? चहाबरोबर दोन बिस्किटं. दिवसातून पाच वेळा. चिकन चार घासांत पोट भरतं, पण बिस्किट तोंडात विरघळतं आणि सरळ खाली जातं, पोटाला पत्ताही लागत नाही. म्हणून ताटातलं प्रथिन आधी, मग भाजी, आणि भात-ब्रेड जागा उरली तर. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिन भरलं पाहिजे. सात घासांत ते बसवायचं तर त्यातले चार तरी अंडं, मासा, चिकन, पनीर, डाळ असल्याचे हवेत. तुमचे केस गळतायत ते तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बहुतेकांचे गळतात. वजन झपाट्याने उतरल्याचा शरीराला बसलेला धक्का. वर्षाच्या आसपास परत येतात, माझे आले, फक्त आधी सरळ होते ते आता कुरळे आलेत. प्रथिन आणि लोह कमी पडलं तर मात्र गळती थांबत नाही.

एकदा नातीच्या हातातलं गोड थंड पेय घटाघट प्यायले होते. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात पिळा, चक्क फरशीवर आडवी झाले. डम्पिंग म्हणतात त्याला, बायपासवाल्यांत जास्त दिसतं. दोन तासांनी परत हात थरथरायला लागले, तेव्हा साखर खाली गेली होती. नात आता मला पेय दाखवून धमकी देते.

ऑफिसचं मला माहीत नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं आणि मग सगळ्यांनी माझ्या ताटात बघायला सुरुवात केली. तेही काही सुखाचं नसतं.


सरळ_बोलतो:

राग मानू नका, पण एवढा मोठा प्रश्न आहे का हा? पोट कापून घेण्यापेक्षा रोज तास-दीड तास चालला असतात तर हे शिंका-बिंका काही झालं नसतं. माझ्या ओळखीतल्या एकाने केलं होतं, तीन वर्षांत सगळं वजन परत. शॉर्टकटला किंमत असतेच.


रात्रपाळी_सिस्टर:

सरळ बोलणाऱ्यांना सरळच उत्तर देते. सर्जिकल वॉर्डात अकरा वर्षं काढली आहेत. यात शॉर्टकट असतो तर माणसं दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर, मग मिक्सरमधून काढलेल्या अन्नावर, मग मऊ अन्नावर, असे दीड-दोन महिने काढत बसली नसती.

वजन परत येतं का? थोडं येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांहून जास्त ऑपरेशन झालेल्या आणि जवळपास तितक्याच न झालेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. ऑपरेशन न केलेल्यांचं वजन इतक्या वर्षांत सरासरी दोन टक्केही हललं नाही, आणि त्यातल्या कित्येकांनी आहार-व्यायामाचे प्रयत्न केले होते. त्या अभ्यासात स्लीव्ह नव्हती, ती नंतर रुळली. तुमच्या ओळखीतल्यांचं का परत आलं ते त्यांना भेटल्याशिवाय मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

हिशेबनीस, तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. घास अडकून फेस येणं आणि उलट्या होत राहणं यात फरक आहे. पहिलं बहुतेक वेळा घाईचं, कोरड्या चिकनचं किंवा ब्रेडचं काम. ब्रेड लाळेत भिजून गोळा होतो. अडकल्यावर पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका, पाणी वरच साठतं. उभं राहा, चाला, वाट बघा. पण उलट्या दोन-तीन दिवस चालू राहिल्या, पाणीही टिकेना, तर घरी लिंबू-आलं करत बसायचं नाही. थायमिन म्हणजे बी-१ चा शरीरातला साठा फार थोडा असतो, काही आठवड्यांत संपतो आणि मग नजर, तोल, स्मरणशक्ती यांवर परिणाम होतो. वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर तो कायमचाही राहतो. पोटात उजव्या बाजूला बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातले खडे आठवा, वजन भराभर उतरताना ते होतात. दुखलं-खुपलं की आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका. बायपासवाल्यांनी तर नाहीच, त्यांना जोडाच्या जागी अल्सर होतो, स्लीव्हवाल्यांनीही विचारूनच. सिगरेटचंही तेच. आणि स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढली तर "ॲसिडिटी" म्हणून सोडून देऊ नका, सर्जनच्या कानावर घाला. तुम्ही ऑफिसात जे खोटं सांगितलंत ते खरं व्हायला वेळ लागत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या कमी करून घेतल्यात ना?


हिशेबनीस_४४:

सिस्टर, घेतल्या, पण धडा शिकून. दुसऱ्या महिन्यात सकाळी पलंगावरून उठलो आणि डोळ्यांपुढे काळोख, कपाटाचं दार धरून खाली बसलो. दाब ९२ वर. वजन २० किलो उतरलं होतं आणि गोळी मात्र जुन्याच माणसाची चालू होती. आता एकच आहे, तीही अर्धी.

वाटीभर ताई, डबी आणली. दोन नाही, चार खणांची. फसवणूक करायची असेल तर चारही खणांना करावी लागेल.

सरळ_बोलतो, चालून पाहिलं होतं. बावीस वर्षांत चार वेळा २० किलोच्या आसपास उतरवलं आणि चारही वेळा व्याजासकट परत आलं. वह्या आहेत माझ्याकडे.


झाकणवाली:

मी या धाग्यावर फक्त वाचायला आले होते, पण झाकणांवर येऊन थांबले. डब्याची झाकणं जोरात लावणारी मीही एक. माझ्या नवऱ्याचा बायपास होऊन दोन वर्षं झाली.

तुमच्या पत्नी काय विचार करत असतील ते मला माहीत नाही, मी काय करत होते ते सांगते. ऑपरेशनच्या आधी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं होतं. तो किती खाईल, काय खाईल, केव्हा पाणी पिईल. माझ्याबद्दल त्यात एकच वाक्य होतं, "घरच्यांनी सहकार्य करावं." म्हणजे काय करावं? मी त्याच्यासाठी वेगळं मऊ करायची, आमच्यासाठी नेहमीचं करायची, आणि तो चार घासांत चमचा ठेवायचा. मला वाटायचं, आवडलं नाही. डोक्याला कळत होतं की पोट भरलंय, पण समोर वाढलेलं तसंच राहिलेलं बघून मनात जे व्हायचं ते व्हायचंच. त्याला सगळे म्हणायचे, किती बारीक झालास, काय छान दिसतोस. मग त्यांची नजर माझ्याकडे वळायची, मी तर तेवढीच. तेवढीच कसली, उरलेलं कोण संपवणार, त्या वर्षी माझे ६ किलो वाढले! पातेल्याच्या तळाची नोकरी तुम्ही सोडलीत, ती कुणाकडे गेली ते जरा बघा.

आमची खूप भांडणं झाली. स्वीडनच्याच नोंदींवरून २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात होतं की या ऑपरेशननंतर घटस्फोटांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, आणि जे एकटे असतात त्यांना जोडीदार मिळण्याचंही. तो वाचून मी त्याला फोनवर पाठवला, खाली काही न लिहिता. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा नीट बोललो.

आम्ही केलं काय? एक, छोटं पातेलं आणलं. ऐकायला काहीच नाही, पण मोठ्या पातेल्यात थोडं करायला हात धजावत नाही, ते रिकामं वाटतं. दोन, आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक तो करतो. स्वयंपाक करणाऱ्याने कमी खाल्लं तर कुणाला काही वाटत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. तीन, "नको" म्हणायचं नाही, "पोट भरलं" म्हणायचं. "नको" मला लागायचं.

दारूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणाची सवय सुटलेला माणूस दुसऱ्या वर्षाच्या सुमारास तिकडे वळू शकतो. आमच्याकडे वेळीच लक्षात आलं. जास्त लिहीत नाही.


सरळ_बोलतो:

व्याजासकट हे वाक्य डोक्यात राहिलं. मी स्वतः ११८ आहे. चालतो रोज. असो.


वाटीभर:

सरळ_बोलतो, रोज चालताय हे चांगलंच आहे, ऑपरेशन झाल्यावर आम्हालाही ते सुटत नाही. कधी बोलावंसं वाटलं तर नवा धागा काढा, कुणी पोट कापायला सांगणार नाही.


हिशेबनीस_४४:

तीन आठवड्यांनी लिहितोय.

ऑफिसचं आधी. ठरवून एकालाच सांगितलं, दाराशी ग्लास घेऊन उभा होता त्याला. हर्निया नव्हतं, वजनाचं ऑपरेशन होतं, इतकंच. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "म्हणजे कॅन्सर नाहीये?"

सात महिन्यांत ३७ किलो गेले, केस गेले, डब्यातलं अर्धं परत जातं, बाथरूममध्ये वीस-वीस मिनिटं आणि विचारलं की हा म्हणतो ॲसिडिटी. आमच्या अख्ख्या खात्याने ठरवून टाकलं होतं. वर्षअखेरीचं काम माझ्याकडे यंदा निम्मंच आलं, मी समजत होतो की साहेबांनी मला बाजूला टाकलंय. चौघांनी ते आपसात वाटून घेतलं होतं. एक जण तर माझ्यासाठी रात्री थांबत होता. मी त्याच्यावर मनातून चिडून होतो, की पुढेपुढे करतो म्हणून.

आता सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवस ताटात बघितलं त्यांनी, वाटीभर ताई म्हणाल्या तसं. तिसऱ्या दिवशी कंटाळले. शिंका आल्या की समोरचा न बघता म्हणतो, "झालं याचं." आणि वर्षअखेरीचं काम सगळं परत माझ्या टेबलावर आलं, दुपटीने.

घरी पातेलं आणलं. पहिल्याच दिवशी अंदाज चुकला, कमी पडलं. इतकं कमी की मोठीने आमटीचं पातेलं पुसून घेतलं. एकोणीस वर्षांत आमच्याकडे कमी पडलं नव्हतं. बायको ओट्याशी उभी राहून त्या रिकाम्या पातेल्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता झाकणही नाही लावायला. मग हसायला लागली. रात्री पावणेदहाला मी सगळ्यांसाठी ऑम्लेट केली, तिघींना तीन. माझं जेवण झालेलं होतं, मी नुसता उलथणं घेऊन उभा. हातांना काम होतं.

उशिरा सुरुवात करायचं अजून अंगवळणी पडत नाही. तीनदा विसरलो, चौथ्यांदा वाढता वाढता बोटं चाटली आणि चौथ्या घासालाच शिंक आली. धाकटी म्हणाली, घंटा बिघडली. बायकोला "झाकणवाली" चा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून काही बोलली नाही. फोन परत देताना एवढंच, "हिचे सहा? माझे चार आहेत."

फ्रीजपाशी रात्री अजून उभा राहतो. तेवढ्यापुरती एक सवय केलीय, पाण्याची बाटली तिथेच ठेवलीय आणि दोन घोट पितो. दिवसाचं दीड लिटर तसंही भरत नाही.

बायकोची एक तक्रार राहिली. घोरण्यासाठी रात्री मशीनचा मास्क लावतो, चेहरा उतरल्यापासून तो बसत नाही, कडेने हवा सुटते आणि शिटी वाजते. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढून झाला. मशीन बंदच करून टाकू का? घोरणं जवळजवळ थांबलंय म्हणते ती.


रात्रपाळी_सिस्टर:

मनाने बंद करू नका. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं असं नाही. झोपेची तपासणी परत करून घ्या, इतकं वजन उतरल्यावर मशीनचा दाबही बदलावा लागतो, नुसता मास्क नाही. जुना दाब जास्त पडत असेल तर हवा कडेने सुटणारच. तपासणी होईपर्यंत लहान मापाची उशी मिळते मास्कची, ती विचारा. आणि पट्टा इतका ओढू नका, नाकावर जखम होईल.


हिशेबनीस_४४:

झालीच आहे. उद्या फोन करतो.